धुऱ्यावरची बाभूळ आणि उंट अळीचा मुलूख

हिंगोली जिल्ह्यात श्रावणात कुणी ‘उंट अळी’ म्हणालं, तर तो माणूस सोयाबीनबद्दल बोलतोय असं धरून चालावं. पाठीची कमान करत चालणारी, पानांना भोकं पाडणारी ती हिरवी अळी म्हणजे क्रायसोडेक्सिस ॲक्युटा. कृषी विभागाच्या सल्ल्यात, औषधाच्या दुकानात, पारावर तिचंच नाव असतं. ती नॉक्टुइडी कुळातली, म्हणजे हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या नात्यातली. कमान करून चालणं ही ज्या कुळाची खरी ओळख आहे ते जिओमेट्रिडी कुळ वेगळं, आणि हिंगोलीत ते शोधायचं तर सरी सोडून धुऱ्यावर यावं लागतं.

फरक पायांत आहे. छातीचे तीन जोड पाय पतंगांच्या बहुतेक अळ्यांना असतात. त्याखेरीज पोटाला मांसल पाय असतात. घाटेअळीला ते पाच जोड असतात, सोयाबीनच्या हिरव्या उंट अळीला तीन आणि जिओमेट्रिडी कुळातल्या अळीला बहुतेक वेळा दोनच, तेही अगदी शेपटाकडे. मधलं सगळं अंग बिनपायांचं. म्हणून ती पुढचे पाय रोवते, मागचं टोक ओढून पुढच्याजवळ आणते, मधला भाग कमानीसारखा वर उचलला जातो आणि मग पुन्हा पुढे झेपावते. धोका जाणवला की मागच्या पायांनी फांदी पकडून अंग ताठ बाहेर काढते आणि काडी होऊन राहते. जगभरात या कुळाच्या सुमारे २४ हजार जाती वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांतल्या एकेका जातीपुढे पुस्तकात दोन ओळी येतात: एक आढळक्षेत्राची, दुसरी खाद्यवनस्पतींची. या दोन ओळी किती विश्वासाच्या आणि एकमेकींवर किती अवलंबून, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून तो पाहिला तर बराच स्वच्छ दिसतो, कारण इथे घनदाट जंगल नाही, डोंगरउतारावरची थोडी पानगळीची झाडी आहे, आणि बाकी सगळी शेती, गायरान, नदीकाठ.

बाभळीवरची एक जात आधी घेऊ. इस्टुर्जिया डिस्प्युटारिया. जेमतेम इंचभर पंखविस्ताराचा, राखट-तपकिरी, पंखांवर गडद आडवे पट्टे असलेला हा पतंग. आशिल गुने या फ्रेंच वकिलाने, जो हौसेने पतंगांचा अभ्यास करत असे, १८५८ च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. जुन्या पुस्तकांत तो टेफ्रिना या वंशनावाखाली सापडतो. आढळक्षेत्राची ओळ सांगते: उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, इराण, भारत. खाद्यवनस्पतींची ओळ सांगते: ॲकेशिया, म्हणजे बाभूळवर्गीय झाडं. उष्ण मुलखात त्याच्या वर्षभरात एकामागून एक पिढ्या होतात.

पहिली ओळ वाचून नकाशा रंगवायला बसलो तर नाईलच्या खोऱ्यापासून दख्खनपर्यंत एक रुंद पट्टा रंगवावा लागेल. पण त्या पट्ट्यात पतंग सगळीकडे नाही. दुसरी ओळ पहिल्या ओळीवर टाकली की पट्ट्याच्या चिंध्या होतात आणि हिंगोलीपुरत्या त्या चिंध्या सहज ओळखू येतात. पैनगंगेचा काठ, कयाधूचा काठ, पूर्णेच्या कालव्यालगतची पडीक जागा, गावांची गायरानं आणि दोन शेतांमधले धुरे. बाभळीला खोल काळी माती मानवते, थोडं पाणी साचलेलं चालतं, आणि तिची मुळं इतकी खोल जातात की साग आणि पळस उन्हाळ्याआधी उघडे पडतात तेव्हाही तिच्या अंगावर बरीच पानं टिकून असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांवर विसंबलेल्या या जिल्ह्यात पानं खाणाऱ्या किड्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. सागावरच्या किड्याला वर्षातला मोठा काळ उपाशी किंवा कोषात काढावा लागतो. बाभळीवरच्याचं तसं नाही.

म्हणून मला वाटतं, जिल्ह्यातल्या अशा पतंगाचं आढळक्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. ते धुऱ्याच्या लांबीत सांगितलं पाहिजे.

आता या ओळी लिहिल्या कुणी ते पाहू, कारण त्यांचे दोष लिहिणाऱ्यांच्या कामाच्या पद्धतीतून आले आहेत. भारतातल्या पतंगांची पहिली मोठी सलग मांडणी जॉर्ज हॅम्पसनची. हा निलगिरीत चहाचा मळेवाला होता, नंतर लंडनच्या संग्रहालयात गेला. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेतला पतंगांचा त्याचा तिसरा खंड १८९५ चा आणि त्यात हे कुळ येतं. हॅम्पसनपुढे होते टाचणीला टोचलेले प्रौढ पतंग. त्यांच्या चिठ्ठीवर जागेचं नाव असे, कधी फक्त प्रांताचं. कुठल्या झाडावर वाढला हे पतंगाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. त्याच्या ग्रंथात पुष्कळ जातींपुढे ‘संपूर्ण भारत’ अशा छापाचा शेरा आहे, आणि तो पुढच्यांनी तसाच उतरवून घेतला. हिंगोली त्या ‘संपूर्ण’मध्ये बसली खरी, पण त्यासाठी इथे कुणी येऊन पाहिलं असण्याची गरज पडली नाही.

झाडांची ओळ दुसऱ्या वाटेने आली. मॅक्सवेल-लेफ्रॉयचा १९०९ चा ग्रंथ, बेनब्रिग फ्लेचरचा दक्षिण भारतातल्या कीटकांवरचा १९१४ चा ग्रंथ, देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतल्या बीसनचा १९४१ चा जाडजूड वनकीटक ग्रंथ. हे सगळे नुकसानीच्या मागे लागलेले लोक, म्हणजे सरकारने पगार देऊन नेमलेले कीटकशास्त्रज्ञ. पीक खाल्लं, लाकडाचं झाड ओरबाडलं तर नोंद झाली. गवतावर, काटेरी झुडपावर किंवा वेलीवर गुपचूप वाढणाऱ्या अळीची नोंद कोण करणार? त्यामुळे यादीत साग, साल, शिसू, चहा, कॉफी भरपूर आणि माळावरची झुडपं विरळ. या यादीवरून फक्त पतंगांची आवड कळते असं समजणं चूक आहे. त्यातून सरकारचं हित कशात होतं तेही तितकंच कळतं.

तिसरा प्रकार दुर्मिळ आणि सर्वांत मोलाचा. थॉमस बेल हा वनखात्यातला अधिकारी कारवारला राहिला आणि उत्तर कानड्याच्या जंगलात अळ्या गोळा करून, ज्या झाडावर सापडल्या त्याच झाडाची पानं घालून, पतंग किंवा फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत वाढवत राहिला. स्कॉट या सहलेखकाबरोबर त्याने लिहिलेला स्फिंक्स पतंगांचा ग्रंथ १९३७ चा. त्याच्या नोंदी आजही खऱ्या ठरतात, कारण अळी, झाड आणि पतंग या तिन्ही गोष्टी त्याने एका साखळीत स्वतः पाहिल्या. त्याचं मुख्य काम फुलपाखरं आणि स्फिंक्स पतंगांवर होतं, हे आपलं दुर्दैव. उंट अळ्यांच्या कुळाला असा माणूस आपल्या भागात लाभला नाही.

हे सगळं विखुरलेलं साहित्य लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या रॉबिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकत्र केलं. पौर्वात्य प्रदेशातल्या अळ्यांच्या खाद्यवनस्पतींचा त्यांचा ग्रंथ २००१ चा, आणि त्याचीच माहितीसूची पुढे सर्वांना खुली झाली. काम अफाट आहे. पण तिथे पगारी कीटकशास्त्रज्ञाची शंभर वर्षांपूर्वीची ओझरती नोंद आणि बेलसारख्याने वाढवून पाहिलेली नोंद शेजारी शेजारी, सारख्याच टायपात बसतात. वाचणाऱ्याने त्यांना वेगवेगळं वजन द्यायचं असतं. तसं क्वचितच होतं.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. आंब्यावर, लिचीवर हिरव्या पातळ पंखांचा एक पतंग वाढतो, त्याला पिढ्यान्पिढ्या थॅलासोडिस क्वाड्रारिया म्हणत आले. १९९६ मध्ये जेरेमी हॉलोवेने बोर्निओच्या पतंगांवर काम करताना दाखवलं की या एका वंशनावाखाली किमान तीन वंश कोंबले आहेत. पेलागोडिस आणि ओरोथॅलासोडिस हे दोन त्याने वेगळे काढले. बाहेरून हे सगळे हिरवे पतंग जवळजवळ सारखेच. जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय खात्री नाही. मग १९९६ च्या आधीची ‘आंबा’ ही नोंद नक्की कोणाची? ती पतंगाची टाचणी अजून कुठे जपून असेल तरच उत्तर मिळेल.

झाडांच्या बाजूलाही हाच घोळ आहे आणि आपल्याकडे तो जास्त बोचतो. ‘बाभूळ’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी हिंगोलीत कुचकामी आहे. साधी बाभूळ आणि तिचीच उभट, सरळ वाढणारी रामकाठी ही एकाच जातीची रूपं. देवबाभूळ त्याच वंशातली पण वेगळी जात. सुबाभूळ चाऱ्यासाठी आणलेली, मूळ मध्य अमेरिकेची आणि वेगळ्याच वंशातली. वेडी बाभूळ तीही अमेरिकेतली, तिचा वंश आणखी वेगळा. आणि हिवर, ज्याला बाभूळ कुणी म्हणत नाही, तो मात्र साध्या बाभळीचा जवळचा भाऊबंद. शास्त्रज्ञांनीही यात भर घातली. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने ‘ॲकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या हजारेक जातींच्या गटाला दिलं, २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ते कायम झालं आणि आपली बाभूळ ‘वॅचेलिया’ झाली. त्यामुळे जुन्या यादीत ‘ॲकेशिया’ दिसलं की थांबावं: ती बाभूळ, की खैर, की ऑस्ट्रेलियातून लागवडीसाठी आणलेली आकाशिया? उंट अळीला या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक लागतो.

याची किंमत काय असते ते ऑस्ट्रेलियाने मोजलं आहे, आणि खाद्यवनस्पती व आढळक्षेत्र यांच्या नात्यावर काटेकोर प्रयोग तिथे नेमके आपल्या बाभळीच्या निमित्ताने झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाभूळ क्वीन्सलँडमध्ये नेण्यात आली. सावलीला, चाऱ्याला बरी म्हणून १९२० च्या दशकात मेंढपाळांना ती लावायला उत्तेजन मिळालं. शेंगा गुरांनी खाल्ल्या, बी शेणातून पसरलं, आणि चांगल्या पावसाच्या काही वर्षांत मिचेल गवताच्या सपाट माळांवर काट्यांचं रान उभं राहिलं. आज तिथे साठ लाख हेक्टरांहून जास्त जमीन तिच्या विळख्यात आहे, आणि १९९९ मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाचं तण ठरवण्यात आलं. आनुवंशिक तपासणीत ती भारत-पाकिस्तानकडचीच उपजात, इंडिका, निघाली.

तणाला तिच्या मायभूमीतला शत्रू आणून सोडायचा, ही कल्पना साधी आहे. अट कडक असते: त्या किड्याने बाभळीशिवाय दुसरं काही खाता कामा नये. ऑस्ट्रेलियात स्थानिक ॲकेशियाच्या हजारेक जाती असताना ही अट पाळणं किती अवघड, हे सांगायला नको. पाकिस्तानातून शेंगांतल्या बिया पोखरणारा भुंगेरा १९८२ मध्ये सोडला गेला. त्याने फारसं काही साधलं नाही. पुढे आफ्रिकेकडे नजर वळली आणि तिथून या कुळातल्या दोन उंट अळ्या आल्या: कायस्मिया असिमिलिस आणि कायस्मिया इनकॉन्स्पिकुआ. दोघी बाभळीच्या पक्क्या भक्त. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्या सोडल्या गेल्या.

निकाल विचार करायला लावणारा आहे. कायस्मिया असिमिलिस क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत, एअर आणि बोवेनच्या परिसरात रुजली. तिथल्या बाभळी तिने पार ओरबाडल्या. पण खरं संकट जिथे होतं त्या आतल्या कोरड्या, तापलेल्या माळांवर ती टिकली नाही. दुसरी तर कुठेच तग धरू शकली नाही. झाड तेच, पान तेच, अळी तीच. तरीही आढळक्षेत्र झाडाच्या क्षेत्राचा एक छोटासा तुकडाच. खाद्यवनस्पतींची ओळ बाहेरची मर्यादा आखते. तिच्या आत उष्णता, आर्द्रता आणि कोष ज्या मातीत पडतो तिचा कोरडेपणा आणखी छाटणी करतात. मे महिन्यात चाळिशी-बेचाळिशीचा पारा पाहणाऱ्या हिंगोलीला हे क्वीन्सलँडच्या माळाइतकंच लागू आहे. कयाधूकाठची बाभूळ आणि सेनगावकडच्या खडकाळ माळावरची बाभूळ झाड म्हणून एक असली, तरी अळीला ती एकसारखी लाभेल असं समजू नये.

आफ्रिकेनंतर शोध भारताकडे वळला, कारण उपजात इथली. २००८ नंतर तमिळनाडू आणि कर्नाटकात बाभळीवरच्या कीटकांची पद्धतशीर पाहणी झाली. कोइमतूरची वनवृक्ष आनुवंशिकी संस्था त्यात होती. पानांची जाळी विणणाऱ्या फायसिटा वंशातल्या अळ्या आणि एक खवलेकीड पुढे निवडली गेली. फायसिटा उंट अळी नाही, कुळ वेगळं, पण तिची हकीकत इथे उपयोगाची आहे. शेतात ती बाभळीलाच धरून दिसे. ब्रिस्बेनच्या बंदिस्त प्रयोगशाळेत, दुसरं काहीच पुढे नसताना, तिने ऑस्ट्रेलियन ॲकेशियांच्या काही जातीही खाल्ल्या आणि वाढली. तिला नाकारण्यात आलं. पिंजऱ्यातलं खाणं आणि रानातलं खाणं ही दोन वेगळी उत्तरं आहेत. रानात अळी सहसा झाड निवडत नाही. अंडी घालणारी मादी निवडते, आणि पिंजऱ्यातल्या उपाशी अळीवरून ती मादी काय करेल हे कळत नाही. छापील यादीतल्या कित्येक ‘खाद्यवनस्पती’ अशा पिंजऱ्यातल्या असू शकतात. माझ्यापुरता मी नियम केला आहे: अंडी किंवा लहान अळी मोकळ्या झाडावर सापडली असेल तरच ती पक्की नोंद.

दुसऱ्या टोकाला सर्वभक्षी जाती आहेत. बिस्टन सप्रेसारिया ही आसामच्या चहाची बदनाम उंट अळी. तिचं वर्णनही गुनेचंच. चहाच्या पुस्तकांत ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाण मांडून आहे, त्यामुळे ती चहाचीच अळी असा समज पक्का झालाय. तिच्या खाद्यवनस्पती वाचत गेलं की मात्र खैर लागतो, कांचन लागतो, करवंदाच्या वंशातलं झुडूप लागतं आणि तरवड लागतो. तरवड! मराठवाड्याच्या माळावर पिवळ्या फुलांनी भरलेला, शेळीसुद्धा फारसं तोंड न लावणारा तरवड. चहा हा तिच्या आयुष्यात उशिरा आलेला, एका जागी हजारो एकर सलग मांडून ठेवलेला पाहुणचार आहे. तिचं मूळ घर अशी झाडंझुडपं. भारत, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, चीन हे तिचं आढळक्षेत्र चहाच्या नकाशावरून समजून घ्यायला गेलं तर उलटंच होईल.

हायपोसिड्रा टलाका हिचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं. भारतापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेली ही जंगलातली अळी, पेरू, एरंड, कॉफी, कोको असं बरंच काही खाणारी. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर बंगालच्या दुआर्स आणि तराईतल्या चहामळ्यांत तिने असा मुक्काम ठोकला की तिथल्या मळेवाल्यांना बिस्टन आता जुनी गोष्ट वाटते. वनस्पती तीच होती, अळी तीच होती, दोघी शंभर वर्षं शेजारी होत्या. बदललं ते मळ्याचं व्यवस्थापन, फवारणी, आणि शत्रुकीटकांचं प्रमाण.

हा शेवटचा मुद्दा दूरच्या दोन उदाहरणांनी पक्का होतो. ॲस्कोटिस सेलेनारिया ही युरोप, आफ्रिका, आशिया अशा तीन खंडांतली, शेकडो नाही तरी डझनावारी कुळांची झाडं खाणारी उंट अळी. केनियात १९६० च्या दशकात कॉफीवर ती अचानक उफाळली; त्याआधी पॅराथिऑनच्या फवारण्यांनी तिच्यावर जगणाऱ्या परजीवी माश्या साफ झाल्या होत्या. इस्राएलमध्ये ती ॲव्होकाडोच्या बागांत माजली, आणि कारण निघालं शेजारच्या कापसावर विमानातून मारलेलं औषध, जे वाऱ्याने बागेत येत होतं. ‘कॉफी’ आणि ‘ॲव्होकाडो’ तेव्हापासून तिच्या यादीत मानाने बसले आहेत. झाडाने तिला बोलावलं नव्हतं. तिचा पहारेकरी दुसऱ्याच पिकाच्या औषधाने मेला होता. कापूस, सोयाबीन, तूर आणि त्यांच्या फवाऱ्या एकमेकांना चिकटून असलेल्या हिंगोलीत धुऱ्यावरच्या झाडांच्या अळ्यांचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. वसमतची हळद मात्र या कथेत येत नाही. तिचे वैरी कंदमाशी आणि खोडकिडा.

पानाचा अळीवर होणारा परिणाम फक्त ती जगते की मरते एवढाच नसतो, याचं एक सुरेख उदाहरण अमेरिकेतलं. ॲरिझोनातली नेमोरिया ॲरिझोनारिया ही उंट अळी ओक झाडावर वाढते. वसंतातली पिढी ओकच्या लोंबत्या फुलोऱ्यावर पोसते आणि हुबेहूब फुलोऱ्यासारखी दिसते. उन्हाळ्यातली पिढी पानं खाते आणि काडीसारखी दिसते. एरिक ग्रीनने १९८९ मध्ये दाखवलं की हा फरक अन्नातल्या टॅनिनने घडतो: पानात टॅनिन जास्त, ते पोटात गेलं की काडीचं रूप. बाभूळ म्हणजे टॅनिनचं कोठार. तिच्या सालीवर आपल्याकडे कातडी कमावली जात आली. तिच्या पानांवर पोसणाऱ्याला हे टॅनिन पचवता येणं भाग आहे, आणि एकदा ते साधलं की स्पर्धक कमी. काही उंट अळ्यांना रंगासाठी अन्नाचीही गरज नसते. बिस्टनच्याच वंशातल्या युरोपीय पतंगाच्या अळ्यांचे डोळे रंगाने झाकून टाकले तरी त्या फांदीचा रंग घेतात. त्यांची त्वचाच उजेड ओळखते, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि हवाई बेटांवर युपिथेसिया वंशातल्या काही उंट अळ्या पानाला तोंडच लावत नाहीत, काडी होऊन बसतात आणि जवळ आलेली माशी झडप घालून खातात. अशांची ‘खाद्यवनस्पती’ म्हणून कोणी काय लिहावं!

झाड आणि मुलूख यांचं नातं सैल असलेली एक जातही सांगायला हवी. रोडोमेट्रा सॅक्रेरिया, फिकट पिवळ्या पंखांवर तिरपी गुलाबी रेघ असलेला नाजूक पतंग. १७६७ मध्ये लिनियसने त्याचं वर्णन केलं. आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आशिया, भारत असा त्याचा पसारा. अळी पॉलिगोनमसारख्या साध्या, ओलसर जागेतल्या तणांवर वाढते, आणि ही तणं कुठे नाहीत? हा पतंग लांबवर उडतो. इंग्लंडमध्ये दर थोड्या वर्षांनी येऊन पिढी वाढवतो आणि तिथल्या हिवाळ्यात मरून जातो. कोष थंडीत राहिला तर गुलाबी रेघ गडद होते, इतकी की संपूर्ण पंखच लालसर दिसू लागतो. त्याची इंग्लंडमधली नोंद आणि भारतातली नोंद यांना एकाच ‘आढळक्षेत्रा’त घालणं म्हणजे पाहुण्याला घरमालकांच्या यादीत टाकणं.

हिंगोलीपुरतं बोलायचं तर १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा जुन्या सर्व नोंदींत परभणीच्या, त्याआधी निजामाच्या मुलखाच्या पोटात आहे. उत्तर महाराष्ट्रातल्या पतंगांची प्राथमिक यादी गुरुळे आणि निकम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली, व्ही. शुभलक्ष्मी यांचं भारतीय पतंगांवरचं क्षेत्रपुस्तक २०१८ चं. ही दोन्ही हाताशी घेऊन हिंगोलीत सुरुवात करता येते. प्रकाश सापळ्याने सुरुवात करायला हरकत नाही, शेतकरी तो तसाही सोयाबीनसाठी लावतात. पण दिव्याला आलेला पतंग कुठल्या धुऱ्यावरून आला ते सांगत नाही. त्यात नर जास्त येतात, आणि पौर्णिमेच्या आसपास संख्या घटते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २०१२ पासून जगभर पतंग सप्ताह पाळतात. आपल्याकडे तेव्हा आषाढ-श्रावण, बाभळीला पालवी भरात. दिवा एका रात्री, फांद्या झटकणं दुसऱ्या दिवशी, असं केलं तर दोन्ही ओळी एकदम लिहिता येतील.

फांदीखाली पांढरी चादर धरून काठीने ठोकलं की अळ्या खाली पडतात. काडीचं सोंग घेणारीही पडते आणि हलू लागल्यावर ओळखू येते. मग जाळीचा डबा, तळाला बोटभर माती, बाटलीत खोचलेली ताजी फांदी. या कुळातल्या बऱ्याच अळ्या मातीत किंवा पाचोळ्यात कोष करतात, म्हणून माती हवीच. पतंगाऐवजी कोषातून बारीक गांधीलमाशी निघाली तर निराश होऊ नये, तीही नोंद आहे. कोषांची ही जागा धुऱ्याची आणखी एक बाजू दाखवते. उन्हाळी नांगरट शेतात होते, धुऱ्यावर नाही. झाडाखालची माती उलटत नाही. जेसीबी लावून धुरा सपाट केला आणि दोन तासं वाढवली की झाड जातं, आणि त्याबरोबर मातीतला पुढचा पतंगही.

झाडाची ओळख शेंगेवरून करावी. साध्या बाभळीची शेंग मण्यामण्यांची, मध्ये मध्ये आवळलेली. वेड्या बाभळीची फिकट पिवळी, गोड, सरळ किंवा थोडी वाकडी. सुबाभळीच्या चपट्या, तांबूस, झुबक्याने लोंबणाऱ्या. देवबाभळीची जाड, गोलसर, आखूड. फुलं असतील तर आणखी सोपं, साध्या बाभळीला पिवळे गोंडे आणि वेडीला लांबट तुरे. अळीच्या फोटोबरोबर शेंगेचा फोटो, गावाचं नाव आणि तारीख एवढं असलं तरी ती चिठ्ठी हॅम्पसनच्या काळातल्या चिठ्ठीपेक्षा बरी.

आणि एका झाडावर सापडलेली अळी दुसऱ्या चार झाडांच्या पानांवरही टाकून पाहावी: हिवर, देवबाभूळ, सुबाभूळ, वेडी बाभूळ. खाल्लं तर ‘पिंजऱ्यात खाल्लं’ असंच लिहावं. सुबाभळीवर टाकलेली अळी उपाशी मेली, तर तेही तारखेसह लिहून ठेवावं, कारण छापील यादीत काय खाल्लं तेवढंच येतं. काय नाकारलं याच्या ओळी तिथे जवळजवळ नसतात.